एक खूण काढली आणि मशीन उठेना





दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या संगणक कक्षातील २२ पैकी १९ संगणकांवर अकरावी-बारावीचे काम बंद पडले होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. काम आता सुरळीत सुरू आहे. पण त्या आठ-दहा दिवसांत जी चर्चा सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. काही पालकांचे म्हणणे असे की मुलांनीच काही उचापती केल्या असणार. देखभाल करणाऱ्या एजन्सीने सगळे संगणक फॉरमॅट करावेत आणि 'व्हर्च्युअल मशीन' हा प्रकार कायमचा काढून टाकावा, असे लेखी सुचवले आहे. सोबत दरपत्रकही जोडले आहे. हा विषय विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आहे. माझे मत या दोन्हींच्या विरुद्ध आहे, आणि ते बैठकीच्या आधी सर्वांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

विषय थोडा तांत्रिक आहे. माझे स्वतःचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. वर्गात 'प्रतिरोध' शिकायचा आणि घरी धाकट्या भावाच्या मराठी पुस्तकात तोच 'रोध' म्हणून भेटायचा. त्यामुळे परिभाषेने माणूस किती घाबरतो याचा मला चांगला अनुभव आहे. इथे जमेल तितके साधे लिहितो. जे शब्द मुले रोज बोलतात ते तसेच ठेवतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. तो लोखंड-प्लास्टिकचा नसतो. एक प्रोग्राम त्याचा देखावा उभा करतो. आतल्या प्रणालीला वाटते की आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची हार्ड डिस्क आहे, स्वतःचे नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात ती हार्ड डिस्क म्हणजे बाहेरच्या संगणकातली एक मोठी फाइल असते. कल्पना जुनी आहे. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती. आपण वापरतो तो व्हर्च्युअलबॉक्स मात्र २००७ मधला. इनोटेक या जर्मन कंपनीने तो आणला, २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली आणि २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. त्याचा मूळ भाग मुक्त परवान्याखाली, विनामूल्य मिळतो. आपल्यासारख्या शाळेला ही गोष्ट लहान नाही.

शाळेत हा प्रकार कशाला, असे एका पालकांनी विचारले. प्रश्न योग्यच आहे. सीबीएसईच्या बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन आणि डेटाबेस आहे. डेटाबेस शिकायचा तर तो बसवता आला पाहिजे, बिघडवता आला पाहिजे, पुन्हा उभा करता आला पाहिजे. आपल्या संगणकांवर विंडोज आहे आणि तेच संगणक कार्यालयाच्या कामालाही लागतात, सहावीच्या मुलांनाही लागतात. त्यावर सोळा वर्षांच्या मुलाला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार कोणी देणार नाही, आणि देऊही नयेत. पण व्हर्च्युअल मशीनमधल्या उबंटूमध्ये आम्ही ते खुशाल देतो. तिथे त्याने सगळे पुसून टाकले तरी 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवलेला असतो. काही मिनिटांत मशीन कालच्या स्थितीत परत येते. पोहायला शिकणाऱ्याला पाण्यात उतरू द्यावे लागते, आणि हे कमरेइतक्या पाण्याचे कुंड आहे. ते बुजवून टाका असे सुचवणाऱ्याने मुलांना पोहणे कुठे शिकवायचे तेही सांगावे.

आता बिघाडाकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क कार्ड बाहेरच्या जगाशी कसे जोडायचे याचे चार-पाच प्रकार असतात. त्यातले तीन समजून घेतले तरी पुरे. 'नॅट' मध्ये आतले मशीन बाहेरच्या संगणकाच्या आडून इंटरनेटवर जाते. घरातल्या मुलाने वडिलांच्या नावाने वाण्याकडून सामान आणावे तसे. 'ब्रिज्ड' मध्ये ते मशीन शाळेच्या जाळ्यात स्वतःच्या पत्त्यासह स्वतंत्र संगणक म्हणून हजर होते. तिसरा प्रकार 'होस्ट-ओन्ली'. त्यात आतले मशीन आणि बाहेरचा संगणक एवढ्यांतच बोलणे चालते; त्यापलीकडे रस्ता नाही. इंटरनेट नाही, शेजारचा संगणकही नाही. आपल्या संगणक शिक्षकांनी हाच प्रकार मुद्दाम निवडला होता. डेटाबेस आतल्या उबंटूमध्ये आणि पायथनचा प्रोग्राम बाहेर विंडोजमध्ये, आणि दोघांमध्ये एक बंद गल्ली. मुलाचा पासवर्ड '१२३४' असला तरी बाहेरचा कोणी तिथवर पोहोचत नाही.

या गल्लीसाठी विंडोजमध्ये एक जादा नेटवर्क ॲडॅप्टर दिसू लागतो. त्याचा पत्ता सहसा १९२.१६८.५६.१ असा असतो. त्या ॲडॅप्टरच्या गुणधर्मांची खिडकी उघडली की चौकोनांची एक यादी दिसते आणि प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण असते. मायक्रोसॉफ्ट नेटवर्कचा क्लायंट, फाइल व प्रिंटर शेअरिंग, इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती, सहावी आवृत्ती, असे बरेच काही. त्यातच एक ओळ असते: 'व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस-६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर'. नावात ब्रिज्ड असले तरी होस्ट-ओन्ली प्रकारालाही हाच ड्रायव्हर लागतो. नाव फसवे आहे, हे मान्य करायला हवे.

सुट्टीत देखभालीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने काय पाहिले असेल? रोजच्या केबलच्या जोडणीशेजारी एक दुसरी जोडणी. तिच्यावर विंडोजचा शिक्का: 'अनोळखी नेटवर्क'. (ज्या जाळ्याला बाहेर जायचे दारच नाही, त्याची विंडोजला ओळख पटत नाही, म्हणून बहुतेक वेळा ते असेच लिहिते.) यादीत 'ब्रिज्ड' नावाचा न ओळखीचा ड्रायव्हर. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याने खूण काढून टाकली आणि पुढच्या संगणकाकडे वळला. १९ वेळा. उरलेले तीन संगणक त्या दिवशी रंगकामामुळे कापडाखाली झाकलेले होते, म्हणून वाचले. मी त्या माणसाला दोष देत नाही. 'अनोळखी' दिसले ते बंद केले, यात त्याचा हेतू चांगलाच होता. पण गंमत पाहा, संपूर्ण कक्षात जे एकच जाळे कधी बाहेर जाऊ शकत नव्हते, नेमके तेच धोकादायक म्हणून बंद झाले.

आणि मग केवळ ते जाळे बंद झाले असते तर गोष्ट वेगळी होती. झाले असे की व्हर्च्युअल मशीन सुरूच होईना. डिस्क ठीक, स्मृती ठीक, उबंटू ठीक, मुलांचे सहा महिन्यांचे काम जसेच्या तसे. तरी सुरू करा म्हटले की एक चौकट यायची: या मशीनचे सत्र उघडता आले नाही. नळाला पाणी नाही म्हणून घराचे दारच उघडू नये, असा हा प्रकार वाटतो.

पण असे होण्यामागे कारण आहे. खरा संगणक सुरू होताना नेटवर्कची केबल लावलेली नसली तरी तो सुरू होतो, कारण कार्ड जागेवर असते, फक्त वायर नसते. व्हर्च्युअल मशीनचे तसे नाही. त्याचा एकेक भाग सुरू होतानाच घडवावा लागतो. प्रोग्राम आधी स्मृती मागतो, मग डिस्कची फाइल उघडतो, मग नेटवर्क कार्ड बनवून ते ठरलेल्या जाळ्यात बसवायला जातो. ते जाळे उघडायला ड्रायव्हर लागतो, आणि खूण काढल्यामुळे ड्रायव्हर त्या ॲडॅप्टरपाशी नसतोच. कार्ड बसले नाही की प्रोग्रामच्या दृष्टीने यंत्राची जुळणी अपुरी राहिली, आणि अपुरे यंत्र तो चालू करत नाही. ॲडॅप्टरच पूर्ण बंद केला तरी निकाल हाच. उलट सेटिंगमध्ये त्या कार्डाची जोडणी 'नॅट' केली, किंवा 'जोडलेले नाही' असे सांगितले, तर मशीन तत्काळ उठते, कारण त्या दोन्हींना हा ड्रायव्हर लागत नाही.

हे शोधले कोणी? एजन्सीने नाही. अकरावीच्या एका विद्यार्थिनीने. तिने चालू असलेल्या तीन संगणकांपैकी एकाच्या आणि बंद पडलेल्या एकाच्या सगळ्या खिडक्या शेजारी-शेजारी उघडून ओळीने ताडून पाहिल्या. त्याआधी तिने जोडणी 'नॅट' करून पाहिली होती आणि मशीन सुरू झाले होते. म्हणजे बिघाड मशीनमध्ये नसून गल्लीत आहे, एवढे तिला कळले होते. पुढचे काम चिकाटीचे होते. एकोणीस खुणा परत लावायला तिला आणि तिच्या शिक्षकांना एक तासही लागला नाही. खर्च शून्य. हे वाक्य विश्वस्तांनी दरपत्रकाशेजारी ठेवून वाचावे, ही विनंती.

आता काही लोक म्हणतात, आणि आमच्या शिक्षकवर्गातही हे मत आहे, की प्रोग्रामने नुसती सूचना देऊन पुढे जायला हवे होते. कार्ड नाही तर नाही, बाकीचे मशीन चालू करावे. मला हे पटत नाही. समजा मशीन तसे सुरू झाले असते. मुलाने पायथनचा प्रोग्राम चालवला असता, डेटाबेस सापडला नसता, आणि त्याने चूक स्वतःच्या प्रोग्राममध्ये शोधली असती. दोन-दोन दिवस शोधली असती. हुशार मुले असल्या वेळी स्वतःलाच दोष देतात. मी तीस वर्षे पाहतो आहे. दारातच अडवणारा बिघाड परवडतो, कारण तो कुठे आहे ते तरी कळते.

माझी तक्रार नकाराबद्दल नाही, नकाराच्या भाषेबद्दल आहे. चौकटीत तांत्रिक अक्षरांची एक लांब माळ येते, तिच्या शेवटी 'नॉट फाउंड' असते. काय सापडले नाही, कुठे पाहावे, काहीच नाही. याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये दुसरा एक नकार किती चांगल्या भाषेत लिहिलेला आहे! मशीन ज्या प्रत्यक्ष नेटवर्क कार्डाशी जोडलेले आहे ते कार्ड संगणकावरून नाहीसे झाले असेल, म्हणजे यूएसबीचे वाय-फाय कोणी काढून नेले असेल, तर प्रोग्राम त्या कार्डाचे नाव सांगतो आणि नेटवर्कची सेटिंग बदलायची की थांबायचे असे विचारतो. अडवतो तोही, पण रस्ता दाखवून.

खूण काढण्याची ही सवय फक्त आपल्या कक्षापुरती नाही. इंटरनेट प्रोटोकॉलच्या सहाव्या आवृत्तीचे उदाहरण घ्या. जुन्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा, त्यात सुमारे ४२९ कोटीच पत्ते बसतात. सहाव्या आवृत्तीचा पत्ता १२८ बिटांचा. भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने या आवृत्तीकडे वळण्याचा राष्ट्रीय आराखडा २०१० मध्येच काढला. तरी 'आपण हे वापरतच नाही' म्हणून त्या ओळीपुढची खूण काढून टाकणारे आजही पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मार्गदर्शक टिपणात स्पष्ट लिहिले आहे की व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून ही आवृत्ती विंडोजचा आवश्यक भाग आहे, ती बंद करू नये, केल्यास विंडोजचे काही भाग काम न करण्याची शक्यता आहे. चौथी आवृत्ती आधी वापरावी असे वाटत असेल तर प्राधान्यक्रम बदला, सहावी बंद करू नका, असा त्यांचा सल्ला आहे. रजिस्ट्रीत ती बंद करताना एक विशिष्ट चुकीची किंमत लिहिली गेली तर संगणक सुरू व्हायला ५ सेकंद जास्त लागतात, हेसुद्धा त्या टिपणात नोंदवलेले आहे. पाच सेकंदांची नोंद! एजन्सीच्या कामाच्या पावतीवर मात्र आपल्याकडे १९ संगणकांचे मिळून तीन शब्द होते: 'क्लीनिंग अँड सेटिंग'.

बंद करणे केव्हाही वाईटच, असे मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या निर्मात्यांनीच ६.१.२८ या आवृत्तीत लिनक्स, मॅक आणि सोलारिसवर होस्ट-ओन्ली जाळ्याला मर्यादा घातली. १९२.१६८.५६.० पासून ठरावीक पट्ट्यातलेच पत्ते चालतील, बाकीचे नाहीत. ज्यांनी पट्ट्याबाहेरचे पत्ते ठेवले होते त्यांची मशीने सुधारित आवृत्ती घेताच अडकली. ओरडही झाली. पण ही मर्यादा माहितीपुस्तिकेत लिहिलेली आहे, आणि आणखी पत्ते हवे असतील तर ते कोणत्या फाइलमध्ये नोंदवायचे तेही दिले आहे. बंद करणाऱ्याने मागे चिठ्ठी ठेवली होती. आपल्याकडे ती नव्हती, आणि चिठ्ठी नसली की लोक आपापला आरोपी शोधतात.

तो आपल्याकडे सापडलाच. पहिल्या तीन दिवसांत बारावीच्या दोन मुलांची नावे घेतली गेली, कारण त्यांना संगणकातले 'फार कळते'. त्यांना कक्षात येण्याची बंदी करावी असा आग्रह धरला गेला. मी तो मान्य केला नाही. पण नाव निघाल्याचे त्या मुलांना कळले, आणि त्यातला एक जण आठवडाभर कक्षाच्या दारात उभा राहून परत जात होता. खुणा परत लागल्या, हे परत लागायला वेळ लागेल. ज्यांनी नावे घेतली त्यांनी त्या मुलांशी दोन शब्द बोलावेत, अशी माझी अपेक्षा आहे. अभ्यासक्रमात संगणक जाळ्यांच्या घटकाला १० गुण आहेत. हे दोघे त्या १० गुणांच्या पलीकडचे जाणतात, हा गुन्हा कसा होतो?

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी शिफारस अशी. फॉरमॅटचे दरपत्रक नामंजूर करावे. बिघडलेले काही उरलेलेच नाही, तर पैसे कशाचे द्यायचे? व्हर्च्युअल मशीन चालू राहावीत. शाळेच्या बाजूने एक गोष्ट आम्ही सुरू केली आहे. कक्षाच्या टेबलावर एक साधी वही ठेवली आहे, शंभर पानी. कोणत्या संगणकावर कोणती सेटिंग काय आहे, ती कोणासाठी आहे, आणि कोणी बदलली तर तारीख व सही. पहिली चार पाने त्या विद्यार्थिनीनेच मराठीत लिहिली आहेत, तांत्रिक नावे सोडून. एनडीआयएसच्या ओळीपुढे तिने लिहिले आहे, 'ही खूण काढू नये, बारावीचा डेटाबेस हिच्यावर चालतो.' एवढे एक वाक्य सुट्टीआधी त्या टेबलावर असते तर तंत्रज्ञाचाही वेळ वाचला असता.

पालकांची एक शंका मात्र मी खुली ठेवतो. आतल्या मशीनमध्ये मुलांना पूर्ण अधिकार दिले तरी त्या मशीनला इंटरनेट किती वेळ द्यायचे? सध्या आठवड्यातून एकदा, शिक्षक हजर असताना, नवे सॉफ्टवेअर उतरवण्यापुरती 'नॅट' जोडणी दिली जाते, एरवी होस्ट-ओन्लीच. काही पालकांना हेही जास्त वाटते, बारावीच्या मुलांना फार कमी वाटते. यावर माझे मत पक्के झालेले नाही. दोन्ही बाजूंनी लेखी मते द्यावीत.

देखभालीच्या नव्या कराराचा मसुदा तयार आहे. त्यात एक कलम वाढवले आहे: कोणतीही सेटिंग बंद करण्यापूर्वी वहीतली नोंद पाहावी, नोंद नसल्यास संगणक शिक्षकांना विचारावे आणि केलेला बदल त्याच दिवशी लिहून सही करावी. मसुदा कार्यालयात ठेवला आहे. ज्या पालकांना पाहायचा असेल त्यांनी शाळा सुटल्यावर साडेपाचपर्यंत यावे. शनिवारी कार्यालय दुपारी एकला बंद होते.

आपला,
प्राचार्य